टीसीएल टाकीत पडलं, पण शेवटच्या नळाला पोचलं का?

पाणवठा

मृगाचे पहिले एक-दोन पाऊस जोरात झाले की आठवड्याभरात कुठून तरी गॅस्ट्रोच्या साथीची बातमी येतेच. उन्हाळाभर गावाच्या कडेला साठलेली घाण त्या पहिल्या लोंढ्याबरोबर ओढ्यात उतरते, ओढ्याकाठच्या विहिरीत झिरपते आणि तिथून हंड्यात येते. पाऊस यायच्या आत या धाग्यावर टीसीएलने, म्हणजे क्लोरीन देणाऱ्या ब्लिचिंग पावडरने, पाणी निर्जंतुक करण्याची पक्की माहिती जमा व्हावी, म्हणून सुरुवात करतोय.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त मोजणीनुसार २०२२ साली जगातल्या सुमारे २२० कोटी लोकांना सुरक्षित व्यवस्थेतून येणारं पिण्याचं पाणी मिळत नव्हतं. यातल्या अनेकांच्या दारात नळ किंवा जवळपास हातपंप आहे. पाणी येतं, पण ते घाणीपासून मुक्त असेल याची खात्री नसते, किंवा ते हवं तेव्हा येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गावांचा प्रश्न असाच आहे.

आधी विहिरीत पाणी किती आहे ते काढा. अंदाज नको, मोजा. विहिरीचा व्यास दोन दिशांनी टेपने मोजून सरासरी घ्या. दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडा आणि वर काढा, दोरीचा जेवढा भाग ओला तेवढी पाण्याची खोली. सगळं मीटरमध्ये. मग व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५ केलं की लिटर मिळतात. ५ मीटर व्यासाची विहीर आणि ३ मीटर पाणी असेल तर ५ × ५ × ३ × ७८५ म्हणजे ५८,८७५ लिटर, धरा ५९ हजार. चौकोनी विहीर असेल तर लांबी × रुंदी × खोली × १०००.

नेहमीचं प्रमाण १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल. वरच्या विहिरीला साधारण ३०० ग्रॅम लागेल. ते काट्यावर मोजा. "दोन मुठी", "एक वाटी" हे माप सगळ्यात जास्त घोटाळा करतं, कारण दमट पावडर आणि कोरडी पावडर यांचं एका वाटीतलं वजन सारखं नसतं.

एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घ्यायची नाही, म्हणजे इथे तीन बादल्या. बादली प्लॅस्टिकची. आधी थोडं पाणी घालून गुठळ्या मोडत पातळसर लगदा करा, मग पाऊण बादली पाणी भरून ढवळा आणि दहा मिनिटं हलवू नका. खाली पांढरा चुना बसतो, वर निवळी राहते. ती निवळी अलगद दुसऱ्या बादलीत ओता. चुन्याचा गाळ विहिरीत टाकायचा नाही, त्यात मारक शक्ती उरलेली नसते आणि पाण्याचा जडपणा मात्र वाढतो. निवळीची बादली दोरीने पाण्यात बुडवून वर-खाली आणि कडेने गोल फिरवा, म्हणजे ती सगळीकडे मिसळते. पावडर वरून भुरभुरली तर ती गुठळीने तळाला जाते आणि विहिरीचा वरचा अर्धा भाग तसाच राहतो.

वेळ रात्रीची, उपसा थांबल्यावर. कमीत कमी अर्धा तास संपर्क हवाच, पण रात्रभर मिळाला तर उत्तम. पहाटे पहिला हंडा भरायच्या आत ओटी टेस्ट, म्हणजे नळीतल्या पाण्यात रसायनाचे थेंब टाकून पिवळ्या रंगावरून क्लोरीन किती ते बघणं.

भारतीय मानक १०५०० प्रमाणे पाण्यात मोकळा शिल्लक क्लोरीन, म्हणजे घाणीत खर्च न होता उरलेला, किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान ०.५. हे मोजायचं ते टाकीजवळ नव्हे, गावाच्या टोकाच्या घरी. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: किती पावडर टाकली याची नोंद पुरेशी नाही, शेवटच्या नळाला किती उरलं याची नोंद हवी.

शिवारातला

उपयोगी धागा. एक शंका. ग्रामपंचायतीत टीसीएलचं २५ किलोचं पोतं आहे, मागच्या दिवाळीला फोडलेलं. तोंड सुतळीने बांधून ऑफिसच्या कपाटामागे उभं केलंय. त्यालाही १००० लिटरला ५ ग्रॅम हेच प्रमाण लागू का?

प्रयोगशाळा_बाक

@शिवारातला, नाही. ते पोतं तपासल्याशिवाय पिण्याच्या पाण्यात वापरू नका.

५ ग्रॅमचा हिशेब ताज्या पावडरीचा आहे. चांगल्या ब्लिचिंग पावडरीत उपलब्ध क्लोरीन ३२ ते ३४ टक्के असतो. ३३ टक्के धरला तर ५ ग्रॅममधून १.६५ ग्रॅम क्लोरीन मिळतो, म्हणजे १००० लिटरमध्ये लिटरला १.६५ मिलिग्रॅम. त्यातला काही भाग पाण्यातली घाण खाऊन टाकते, उरलेला तुमचा शिल्लक क्लोरीन. पोतं उघडं राहिलं की हवेतला ओलावा, ऊब आणि उजेड मिळून ही टक्केवारी उतरत जाते. पावडर दिसायला तशीच पांढरी राहते, वासही थोडा येतो, त्यामुळे फसगत होते.

पोत्याच्या मधल्या भागातून कोरड्या चमच्याने नमुना घ्या, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डबीत भरा, डबीला काळा कागद गुंडाळा आणि जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत द्या. तिथून उपलब्ध क्लोरीनची टक्केवारी येते. २५ टक्के आली तर प्रमाण ५ × ३३ ÷ २५, म्हणजे ६.६ ग्रॅम. २० टक्क्यांच्या खाली आली तर पिण्याच्या पाण्यासाठी बाद, गटारांसाठी वापरा.

अहवालाची वाट न पाहता पावडरीचं प्रमाण काढायचं असेल तर हॉरॉक्स चाचणी आहे. आरोग्य खात्याकडे तो संच असतो. त्यात एक काळा पेला आणि सहा पांढरे पेले. काळ्या पेल्यात संचातल्या चमच्याने सपाट एक चमचा, म्हणजे २ ग्रॅम पावडर घेऊन लगदा करायचा, आतल्या खुणेपर्यंत पाणी भरायचं, ढवळून निवळू द्यायचं. सहाही पांढऱ्या पेल्यांत विहिरीचं पाणी, प्रत्येकी २०० मिली. आता काळ्या पेल्यातली निवळी पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहाव्यात सहा थेंब. प्रत्येक पेला स्वच्छ काडीने ढवळून अर्धा तास थांबा. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या पहिल्या पेल्यात स्पष्ट निळा रंग दिसेल त्याचा क्रमांक गुणिले २ ग्रॅम, एवढी पावडर ४५५ लिटर पाण्याला लागते. तिसरा पेला निळा झाला तर ६ ग्रॅम.

या चाचणीत पावडर किती जुनी आणि पाणी किती घाण हे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात, कारण तुमचीच पावडर आणि तुमचंच पाणी वापरलेलं असतं. पहिलाच पेला निळा झाला तर ४५५ लिटरला २ ग्रॅम, म्हणजे १००० लिटरला ४.४ ग्रॅम. आपलं ५ ग्रॅमचं ठोकळ प्रमाण म्हणजे जवळपास "पहिला पेला निळा" अशी परिस्थिती. पावसाळ्यात तिसरा किंवा चौथा पेला निळा होत असेल आणि आपण ५ ग्रॅमच टाकत असू, तर पावडर वायाही जाते आणि जंतूही मरत नाहीत.

आणि ते पोतं कपाटामागून आजच हलवा. टीसीएलच्या वाफेने लोखंडी कपाट गंजतं, कागद खराब होतात. जागा कोरडी, अंधारी, हवा खेळती हवी, पोतं लाकडी फळीवर. त्याच खोलीत युरिया, फवारणीची औषधं, ॲसिड, डिझेल यातलं काहीही ठेवू नका. युरिया आणि टीसीएल एकत्र आलं तर स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो, ॲसिडबरोबर विषारी क्लोरीन वायू सुटतो. पोतं फोडल्याबरोबर पावडर लहान-लहान घट्ट डब्यांत भरून ठेवली तर रोज सगळं पोतं उघडावं लागत नाही.

लाल_माती

आमच्या भागातल्या काही विहिरींत टीसीएल न टाकताच ओटी टेस्टला पिवळा रंग येतो. मग किती विश्वास ठेवायचा?

प्रयोगशाळा_बाक

@लाल_माती, पाण्यातलं लोह, मँगनीज आणि नायट्राइट यांच्यामुळे ओटीचा खोटा पिवळा रंग येतो. जांभ्याच्या भागात लोह असणं स्वाभाविक. ओळखायची सोपी रीत अशी: तेच पाणी भांड्यात घेऊन चांगलं उकळा, गार होऊ द्या, पुन्हा ओटी करा. क्लोरीन उकळल्यावर निघून जातो. तरीही रंग आला तर तो क्लोरीनचा नव्हे.

आणखी एक, रंग कधी वाचायचा. ओटीचे थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत येणारा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा. नळी बाजूला ठेवून पंधरा मिनिटांनी पाहिलं तर अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीनही रंग देतो. तो जंतू मारण्यात खूपच दुबळा आहे. दहा सेकंदांना फिका आणि पंधरा मिनिटांना गडद असं दिसलं तर त्या पाण्यात मैला किंवा शेणखताचं पाणी मिसळत असण्याची शंका घ्यावी. नळी पांढऱ्या कागदासमोर धरा, उन्हात नाही. पिवळ्याच्या पलीकडे नारिंगी किंवा तांबूस रंग आला तर क्लोरीन गरजेपेक्षा बराच जास्त आहे.

ओटीचं रसायन आरोग्याला घातक आहे, त्यात तीव्र ॲसिडही असतं. तपासलेलं पाणी हंड्यात परत ओतू नका, हाताला लागलं तर धुवा. जमत असेल तिथे डीपीडीच्या गोळ्यांचा संच घ्यावा, त्यात गुलाबी रंग येतो आणि आकडा जास्त खात्रीचा मिळतो.

माजघर

लोकांची मुख्य तक्रार वासाची असते. "औषधाचा वास येतो" म्हणून बायका ते पाणी ओतून देतात आणि शेतातल्या बिनऔषधाच्या विहिरीचं आणतात. मग पाणी सोडणारा माणूस पावडर कमी करतो. यावर काय उपाय?

पाणवठा

@माजघर, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. तो उग्र वास बऱ्याच वेळा क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो, कमी पडल्याचा असतो.

पाण्यात मैल्यातून आलेला अमोनिया असला की क्लोरीन आधी त्याला जाऊन चिकटतो आणि क्लोरामाइन तयार होतात. झोंबरा वास त्यांचा. आणखी क्लोरीन घातला की एका टप्प्यापर्यंत शिल्लक वाढते, मग गंमत अशी की ती घटायला लागते, कारण क्लोरामाइन फुटत असतात. ते संपले की त्यानंतर घातलेला प्रत्येक मिलिग्रॅम मोकळा राहतो, आणि वासही कमी होतो. या वळणाला ब्रेकपॉइंट म्हणतात. लिटरमध्ये १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असेल तर ते ओलांडायला ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. म्हणजे थोडासा मैला मिसळला तरी आपल्या रोजच्या प्रमाणाच्या पाचपट क्लोरीन नुसता तिथेच खर्च होतो.

म्हणून वास आला की पावडर कमी करण्याआधी विहिरीभोवती एक चक्कर मारा. शोषखड्डा, उकिरडा, गोठा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवा. कठडा ७०-७५ सेंटिमीटर उंच, भोवती निदान १ मीटर रुंद पक्का ओटा, त्याला बाहेरच्या बाजूला उतार आणि सांडपाणी वाहून नेणारी नाली. ओट्याला भेग पडली असेल तर धुण्याचं पाणी तिथूनच परत विहिरीत जातं. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्यामुळेच नारू पसरायचा. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात रुग्णाला द्यायच्या औषधाचा वाटा नव्हता. पायऱ्या बंद करणं, लोकांनी पाणी फडक्याने गाळणं, अशा उपायांनी तो गेला.

बायकांना सांगायचं ते असं: पिण्याचं पाणी भरून हंडा झाकून ठेवा, तासा-दोन तासांत वास बराच उतरतो. ओतून देऊन शेतातलं आणू नका.

पंपघर

विहिरीबद्दल छान लिहिलंय. आता नळयोजनेचं लिहितो, कारण बिघाड जास्त तिथे होतात.

टाकीत पावडर टाकण्याची नेहमीची चूक म्हणजे टाकी भरल्यावर झाकण उघडून वरून ओतणे आणि लगेच वॉल्व्ह खोलणे. अर्ध्या तासाचा संपर्क मिळतच नाही, पहिल्या गल्लीला नुसता औषधाचा लोंढा जातो आणि शेवटच्या वस्तीला काहीच नाही. पंपाचं पाणी टाकीत जिथे पडतं तिथे, टाकी भरत असतानाच, द्रावणाची धार लावा. पडणारं पाणीच ते मिसळून देतं. काही टाक्यांना भरायचा आणि सोडायचा पाइप एकच असतो आणि पंप चालू असतानाच गावाला पाणी जातं. तिथे टाकीत पावडर टाकून उपयोग नाही, मात्रा विहिरीवर, पंपाजवळ द्यावी लागते.

धारेचा हिशेब असा. पंप तासाला १०,००० लिटर पाणी चढवतो असं समजा. लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर तासाला २० ग्रॅम क्लोरीन हवा. १०० लिटरच्या ड्रममध्ये ३० टक्क्यांची ३.३ किलो पावडर विरघळवली तर १ टक्क्याचं द्रावण होतं, म्हणजे लिटरला १० ग्रॅम. तासाला २ लिटर द्रावण सोडायचं, मिनिटाला ३३ मिली. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण आणि घड्याळ एवढ्यावर ते जमतं.

अनेक ठिकाणी सलाइनची नळी लावतात. चालते, पण दोन गोष्टी बिघडतात. चुन्याचे कण नळीत अडकून धार बंद पडते. त्यासाठी ड्रम दोन ठेवा: एकात पावडर कालवून निवळू द्या, वरची निवळी दुसऱ्यात घ्या, आणि दुसऱ्या ड्रमची तोटी तळापासून १० सेंटिमीटर वर बसवा. दुसरं, ड्रममधली पातळी उतरली की धार बारीक होते. सकाळी ३३ मिली लावलेली धार संध्याकाळी निम्मीही राहत नाही. यावर तरंगतं भांडं हा उपाय. द्रावणावर प्लॅस्टिकचं भांडं तरंगत ठेवायचं, त्याच्या तळाला बारीक नळी. भांडं पातळीबरोबर खाली उतरतं, म्हणून त्या नळीवरचा दाब बदलत नाही. आत आलेलं द्रावण लवचिक नळीने बाहेर जातं.

द्रावण दोन दिवसांपुरतंच करा, ड्रमवर झाकण आणि सावली हवी.

आता पाइपलाइन. आपल्याकडे पाणी दिवसातून तासभर किंवा एक दिवसाआड येतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आत पोकळी तयार होते, आणि जिथे सांधा गळका असेल तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. गळका सांधा गटारातून गेलेला असेल तर आत येतं ते गटाराचंच पाणी. वॉल्व्हचे चेंबर पावसात भरतात, त्यात वॉल्व्ह बुडालेला असतो, तिथेही हेच. त्यात भर म्हणजे नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणं. एका घराच्या मोटरीमुळे सगळ्या गल्लीच्या सांध्यांतून घाण आत शिरते.

टाकीजवळ ओटी चांगली आणि टोकाला शून्य आली, तर पावडर वाढवत बसू नका. मधल्या दोन-तीन नळांवर तपासत जा. ज्या दोन नळांमध्ये रंग अचानक उतरतो, गळती त्या टप्प्यात आहे. पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं सगळ्यात घाण पाणी येतं, ते पिण्यासाठी भरू नये.

शिवारातला

रंग कुठे उतरतो ते बघत गळती शोधायची, हे ग्रामसभेत नक्की सांगण्यासारखं. रजिस्टरमध्ये रोज एकाच घराची नोंद असते, बहुतेक टाकीशेजारच्या.

दुसरा_मजला

शहरातल्या सोसायट्यांचं काय? टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं असतं ते कोणालाच माहीत नसतं.

पंपघर

@दुसरा_मजला, १०,००० लिटरच्या टँकरला ५० ग्रॅम चांगली टीसीएल, निवळी करून, भरतानाच टाकायची. वाटेत हिंदकळून ते मिसळतं आणि अर्धा तासही होतो. टँकर सोसायटीत आला की पाइप जोडण्याआधी ओटी करा. ०.५ पेक्षा कमी असेल तर जमिनीखालच्या टाकीत उरलेली मात्रा द्या आणि अर्धा तास वरच्या टाकीत चढवू नका. टँकरचा नळीचा तुकडा रस्त्यावर लोळत असतो, त्याचं तोंड धुऊनच टाकीत सोडू द्या.

टाकी साफ केल्यानंतर भिंती घासून, गाळ काढून एकदा जोरदार मात्रा द्यावी, लिटरला ५० मिलिग्रॅम. १००० लिटरच्या टाकीला १५० ग्रॅम पावडर. रात्रभर ठेवून ते पाणी सगळ्या नळांतून सोडून द्यायचं, प्यायचं नाही. ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका, मासे मरतात. टाकीत उतरणारा माणूस एकटा नको, वर दुसरा उभा हवा, आणि आत माणूस असताना क्लोरीनचं द्रावण ओतायचं नाही.

उपकेंद्र

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी भागात गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे, रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या शौच नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला. हा जंतू क्लोरीनला अजिबात चिवट नाही, पाण्यात मोकळा क्लोरीन असेल तर सहज मरतो. कॉलरा आणि टायफॉइडचे जंतूही तसेच. कावीळ पसरवणाऱ्या विषाणूंना थोडा जास्त डोस आणि पूर्ण वेळ लागतो, म्हणून ०.५ चा आग्रह. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी मात्र आपल्या नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही. लहान बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण घरात असेल तर पाणी उकळूनच द्या. बुडबुडे फुटून खळखळ उकळी आली की एक मिनिट पुरे. "वीस मिनिटं उकळा" या सांगण्याने गॅस जळतो आणि लोक उकळणंच सोडून देतात.

घरातल्या घरात क्लोरीन वापरायचा तर बाटलीवरची टक्केवारी वाचा. ५ टक्क्यांच्या द्रावणात १ मिलीमध्ये ५० मिलिग्रॅम क्लोरीन. २० लिटरच्या हंड्याला लिटरला २ मिलिग्रॅम हवा तर ०.८ मिली, साधारण १६ थेंब. बाजारात ०.५ टक्क्यांच्याही बाटल्या असतात, तिथे दहापट लागेल. कपड्यांचा ब्लीच वापरू नका, त्यात सुगंध आणि इतर रसायनं असतात.

आणि ओगराळं. हे कितीदा सांगितलं तरी कमीच. हंड्यात पेला बुडवला की बोटंही बुडतात, आणि सकाळी केलेलं सगळं काम तिथे वाया जातं. लांब दांड्याचं ओगराळं घ्या, नाहीतर तोटीचा पिंप.

बालाघाट

वरचं सगळं जंतूंबद्दल झालं. आमच्याकडे विहिरी मार्चमध्येच आटतात आणि सगळी भिस्त बोअरवर. तिथे नायट्रेट आणि फ्लोराइड हा प्रश्न असतो, त्याला टीसीएलचा काहीही उपयोग नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, फ्लोराइडची १, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. उकळल्याने पाणी आटतं, क्षार तेवढेच राहतात, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. जास्त नायट्रेटचं पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाला अजिबात देऊ नये, रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होऊन बाळ निळं पडतं. अशा बोअरवर तसा फलक लावून पिण्यासाठी वेगळा स्रोत ठरवावा. आरओ यंत्र या दोन्ही गोष्टी कमी करतं, पण क्लोरीनही काढून टाकतं. त्यामुळे आरओचं पाणी उघड्या जारमध्ये दोन दिवस ठेवलं तर त्याला कसलंच संरक्षण उरत नाही.

हातपंपाची दुरुस्ती झाली की बोअर निर्जंतुक करायला हवा, तो कोणी करत नाही. पाइप जमिनीवर, चिखलात ठेवलेले असतात आणि तसेच खाली जातात. १५० मिलिमीटरचा बोअर आणि ६० मीटर पाण्याचा स्तंभ असेल तर आत सुमारे १०६० लिटर पाणी. ५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने १६० ते १७५ ग्रॅम टीसीएलची निवळी आत ओता, वास येईपर्यंत पंप मारा, १२ तास कुलूप. नंतर वास जाईपर्यंत उपसून टाका.

लाल_माती

पुराचं पाणी विहिरीत शिरलं तर? गढूळ पाण्यात थेट टीसीएल टाकायचं का?

पाणवठा

@लाल_माती, थेट नाही. मातीच्या कणांच्या आत जंतू लपतात आणि क्लोरीन माती खाते. विहीर शक्य तेवढी उपसा, मोटर तळापासून थोडी वर ठेवून, म्हणजे गाळ ढवळत नाही. पाणी परत भरल्यावर दोन-तीनपट मात्रा द्या आणि ओटी करत करत खाली आणा. तोवर घरी तुरटी. २० लिटरला १ ग्रॅम तुरटी कपभर पाण्यात विरघळवून ओता, मिनिटभर जोरात, मग पाच मिनिटं हळूहळू ढवळा, तासभर ठेवा. कापसासारखे पुंजके खाली बसले की वरचं पाणी ओतून घ्या आणि मग क्लोरीन. क्रम उलटा करू नका. पाण्याचा सामू (पीएच) पण बघा: ७.५ ला निम्मा क्लोरीन मारक रूपात असतो, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी ८ च्या पुढे असेल तर संपर्काचा वेळ वाढवा.

माजघर

शेतवस्तीवर चार-पाच घरांत एक लहान आड आहे. रोज रात्री बादल्या कालवायला कोणी नाही. तिथे काय करावं?

पाणवठा

@माजघर, तिथे दुहेरी मडक्याची पद्धत. नागपूरच्या नीरी संस्थेने ती बसवली आहे. मातीची दोन मडकी, एक दुसऱ्याच्या आत बसेल अशी. आतल्या मडक्याला वरच्या भागात काठाजवळ १ सेंटिमीटरचं भोक, बाहेरच्याला तळापासून ४ सेंटिमीटरवर तसंच भोक. १ किलो टीसीएल आणि २ किलो जाड वाळू, दाणा साधारण २ मिलिमीटरचा, थोडी ओलसर करून कालवा आणि आतल्या मडक्यात भोकाच्या ३ सेंटिमीटर खालपर्यंत भरा. ते बाहेरच्या मडक्यात ठेवून बाहेरच्याचं तोंड प्लॅस्टिकच्या कागदाने बांधा आणि दोरीने पाण्याच्या पातळीखाली १ मीटर सोडा. तळाला टेकवू नका आणि रोजच्या बादलीच्या वाटेत लटकवू नका, फुटतं. ४५०० लिटर पाणी आणि रोजचा उपसा ३६० ते ४५० लिटर असेल तर दोन-तीन आठवडे चालतं. पाणी जास्त असेल तर मडक्यांच्या जोड्या वाढवा.

आडाजवळच्या एका घरात ओटीची बाटली ठेवा आणि रोज सकाळी एक नळी तपासा. पहिल्या दहा सेकंदांत पिवळा दिसेनासा झाला की आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी मडकं वर काढून नवं मिश्रण भरा. जुनी वाळू धुऊन पुन्हा वापरता येते.